सांत-व्हिक्त्वारच्या माथ्यावरचं चॅपल: एका दिवसाच्या चढाईची पूर्ण तयारी

दक्षिण फ्रान्समधे एक्स-आँ-प्रोव्हान्स शहराच्या पूर्वेला सांत-व्हिक्त्वार नावाची चुनखडीची लांबच लांब डोंगररांग आहे, आणि तिच्या पश्चिमेकडच्या माथ्याखाली, दक्षिणेचा उभा कडा जिथे तुटतो अगदी त्याच्या काठाला, सतराव्या शतकातलं एक चॅपल आणि जुना मठ आहे. चॅपल साधारण ८९० मीटरवर, त्याच्या वर ९४६ मीटरच्या टोकावर मोठा लोखंडी क्रॉस, आणि सगळ्या रांगेतलं सर्वात उंच शिखर पिक दे मूश ते १०११ मीटर. हे आकडे बघितले की सह्याद्रीत फिरलेला माणूस म्हणतो एवढंच होय, आमचं कळसूबाईच १६४६ आहे. पण इथे दिवस कसा जाणार हे उंची ठरवत नाही, वारा ठरवतो, जवळचं पाणी ठरवतं आणि उन्हाळ्यात डोंगर उघडा आहे की बंद हे ठरवतं. हे तीन नीट बघून निघालात तर जरा व्यायामाची सवय असलेल्या कोणालाही जमेल असा ट्रेक आहे, आणि न बघता निघालात तर रोज पाच किलोमीटर पळणारा माणूससुद्धा अर्ध्यातून परत येतो.

खाली मी सगळं क्रमाने लिहितोय, आदल्या दिवसापासून ते खाली उतरेपर्यंत. एक्स किंवा मार्सेलला शिकायला आलेले, किंवा कादाराशच्या ईटर या अणु-संमीलन (फ्यूजन) प्रकल्पामुळे मनोस्क, पेरत्युई, एक्स भागात राहायला आलेले आपले बरेच लोक आहेत, त्यांना हा डोंगर घराच्या खिडकीतून रोज दिसतो, त्यांनी तर नक्की जावं. पॅरिसहून येणार असाल तर गार द लियाँ स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने एक्सचं टीजीव्ही स्टेशन साधारण तीन तास, फक्त ते टीजीव्ही स्टेशन शहरापासून बरंच लांब माळावर आहे, तिथून शहरात यायला बस घ्यावी लागते, तेव्हा सकाळी पॅरिसहून निघून त्याच दिवशी चढाई असा प्लॅन करू नका, आदल्या रात्री एक्समधे मुक्काम करा.

कधी जायचं

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, बास. वसंतात वाटेवर रोझमेरी आणि थाइम फुललेली असते, पाऊल पडलं तरी वास येतो, आणि हवा चालायला एकदम योग्य. हिवाळ्यातले शांत, बिनवाऱ्याचे दिवस पण सुंदर असतात, लांबचं सगळ्यात छान तेव्हाच दिसतं, पण डिसेंबरमधे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि उत्तरेकडची बाजू दिवसभर सावलीत राहिल्यामुळे तिथे सकाळी दगडांवर बर्फाचा पातळ थर असू शकतो, म्हणून हिवाळ्यात नऊला चढायला सुरुवात करून दोनपर्यंत खाली यायचं असं मनाशी पक्कं ठेवा.

जुलै-ऑगस्टला मी जाऊ नका असंच सांगेन. ऊन तर आहेच, वरच्या भागात सावली जवळजवळ नाही आणि पांढरा दगड खालूनही तापवतो, पण मुख्य कारण वेगळं आहे. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात बुश-द्यु-रोन जिल्ह्यातल्या सगळ्या जंगली डोंगरांवर जायचं की नाही हे प्रेफेक्त्युर, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, वणव्याच्या धोक्यानुसार रोजच्या रोज ठरवतं. उद्याचा नकाशा आज संध्याकाळी जाहीर होतो, प्रत्येक डोंगराला रंग असतो, आणि लाल रंग म्हणजे बंद. बंद असताना आत सापडलात तर १३५ युरो दंड. हे फक्त कागदावर नाही, वाटांच्या तोंडाशी माणसं उभी असतात आणि परत पाठवतात. यामागे कारण आहे, १९८९ च्या ऑगस्टमधे इथे लागलेल्या वणव्यात जवळपास ५००० हेक्टर जंगल जळलं, दक्षिणेकडचा उतार अजूनही बोडका दिसतो त्यात त्या आगीचा मोठा हात आहे. तेव्हा उन्हाळ्यातच यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी प्रेफेक्त्युरची साइट किंवा एक्सचं टूरिस्ट ऑफिस, दोन्हीकडे विचारून घ्या, आणि बंद म्हणाले तर त्या दिवशी समुद्रावर जा. सिगरेट, स्टोव्ह, शेकोटी यातलं काहीही कुठल्याच ऋतूत नको.

वारा, याच्याबद्दल जरा जास्त लिहितो

प्रोव्हान्समधे मिस्त्राल नावाचा वारा वाहतो, वायव्येकडून येतो, रोन नदीच्या खोऱ्यातून दाबून वेग घेत खाली उतरतो, थंड आणि कोरडा. आपल्याकडे वाईट हवा म्हणजे ढग, पाऊस, धुकं, त्यामुळे आपला डोळा आकाश बघतो आणि निळंशार आकाश दिसलं की आपण बूट घालतो. इथे बरोबर उलटं होतं. मिस्त्राल सुटला की ढग पळून जातात, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, खालच्या गावात झाडं हलताना दिसतात इतकंच, आणि वर धारेवर माणसाला सरळ उभं राहता येत नाही अशी परिस्थिती असते. ही रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, वारा उत्तरेच्या अंगाने चढतो आणि धारेवरून दक्षिणेच्या कड्याकडे ढकलतो, म्हणजे झोत आला तर तो तुम्हाला नेमका दरीच्या बाजूला लोटणार.

म्हणून आदल्या दिवशी मेतेओ-फ्रान्सवर, म्हणजे फ्रान्सच्या हवामान खात्याच्या साइटवर, फक्त तापमान बघून फोन ठेवू नका, वाऱ्याच्या झोतांचा आकडा बघा. मी पाळतो तो नियम असा: खालच्या गावांसाठी झोत ताशी ४० किमीच्या आत असतील तर निवांत जा, ४० ते ६० असतील तर चॅपलपर्यंत जा पण क्रॉसच्या टोकावर जायचं की नाही ते वर गेल्यावर ठरवा, आणि ६० च्या वर असेल तर दिवस बदला. मिस्त्राल एकदा सुटला की बऱ्याचदा सलग काही दिवस चालतो, उद्या थांबेल परवा थांबेल करत हॉटेलात बसण्यापेक्षा हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवलेले बरे.

कुठल्या वाटेने

वर जायला बऱ्याच वाटा आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तीनच डोक्यात ठेवाव्यात.

पहिली उत्तरेकडून, वोव्हनार्ग गावाच्या अलीकडे ले कबासोल नावाची वस्ती आहे तिथून. या वाटेला व्हांत्युरिए लोकांची वाट म्हणतात, म्हणजे पूर्वीपासून चॅपलला येणारे यात्रेकरू चढायचे ती, आणि आजची जीआर ९ ही लांब पल्ल्याची पायवाट इथूनच जाते. जाऊन-येऊन साधारण आठ किलोमीटर, चढ साडेपाचशे-सहाशे मीटर. अंतर कमी आणि चढ तेवढाच म्हणजे वाट उभी, पण हात लावून चढावं लागेल असं चॅपलपर्यंत काही नाही, आणि खालचा बराच भाग झाडीतून. पहिल्यांदा जात असाल तर हीच घ्या, पुढे मी हीच टप्प्याटप्प्याने सांगणार आहे.

दुसरी पश्चिमेकडून, बिमों धरणावरून. हिला इमुशा वाट म्हणतात, खुणा निळ्या रंगाच्या. अंतर खूप जास्त, जाऊन-येऊन बारा किलोमीटरच्या वर, चढ पसरलेला आहे पण मधे चढ-उतार आहेत आणि नंतरचा बराच मार्ग उघड्या धारेवरून, खाली धरणाचं हिरवट निळं पाणी दिसत राहतं. बिनवाऱ्याच्या दिवशी देखाव्यासाठी हिला तोड नाही. वाऱ्याच्या दिवशी मात्र ही वाट विसरून जा.

तिसरी दक्षिणेकडून, सांतांतोनँ गावाच्या बाजूने. खालून बघताना ही बाजू म्हणजे नुसती पांढरी भिंत दिसते, तरी कातळातून वर जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत, पा द्यु म्वान ही त्यातली एक. रॉकपॅच आहेत, हात वापरावे लागतात, खाली बघून डोकं फिरणाऱ्यांनी नादाला लागू नये, आणि ओल्या दगडावर कोणीच जाऊ नये. ज्यांना आपल्याकडच्या कातळटप्प्यांची चांगली सवय आहे त्यांनी एकदा उत्तरेकडून डोंगर बघून घेऊन मग दुसऱ्या खेपेला या बाजूने फक्त चढावं. उतरायला ही बाजू वापरू नका.

बॅगेत काय

पाणी आधी. चुनखडीचा डोंगर पाणी धरून ठेवत नाही, पाऊस पडला की दगडाच्या भेगांमधून सरळ आत जातो, त्यामुळे सुरुवातीचा तळाचा छोटा ओढा सोडला तर वाटेत झरा नाही, ओढा नाही, आणि वर चॅपलपाशीसुद्धा पिण्याचं पाणी मिळेल असं समजून चालू नका. आपल्या डोंगरांत कुठेतरी टाकं असतं, गर्दीच्या किल्ल्यावर सरबतवाली मावशी असते, काकडी मिळते, इथे असलं काही नाही, दुकान नाही, टपरी नाही. थंडीत माणशी दोन लिटर, मे किंवा सप्टेंबर असेल तर तीन. जड होतं म्हणून एक बाटली गाडीत ठेवून जाणारे लोक मी वर दुसऱ्यांकडे पाणी मागताना बघितलेत, तसं करू नका.

मग बूट. आपला सह्याद्री बेसाल्टचा, खरखरीत, कोरडा असला की कुठल्याही चपलेने चढता येतो असा आत्मविश्वास आपल्या अंगात मुरलेला असतो. चुनखडी वेगळी. शेकडो वर्षं लोकांचे पाय पडून मधल्या वाटेवरचे दगड घासून घासून अक्षरशः पॉलिश केलेल्या फरशीसारखे झालेत, कोरड्या दिवशीही त्यावरून पाय सटकतो आणि पाऊस पडून गेला असेल तर विचारूच नका. तळव्याला चांगली नक्षी असलेले, घोट्याला आधार देणारे बूट घाला, झिजलेले रनिंग शूज नकोत. गुडघ्यांचा त्रास असेल तर दोन काठ्या घ्या, त्या चढताना नाही, उतरताना लागतात.

वाऱ्याचं जॅकेट खाली कितीही ऊन असलं तरी घ्या, वर घामेजलेल्या अंगाला वारा लागला की दोन मिनिटांत हुडहुडी भरते. टोपी अशी की उडणार नाही. गॉगल पाहिजेच, पांढऱ्या दगडावरून येणारा उजेड डोळ्यांना फार त्रास देतो. सनस्क्रीन, थोडं फर्स्ट एड, हेडटॉर्च, पूर्ण चार्ज केलेला फोन. नकाशा कागदाचा हवा असेल तर आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा, ३२४४ ईटी, १:२५००० चा, एक्समधल्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो, आणि फोनवर ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा कारण उत्तरेच्या बाजूला रेंज येते-जाते.

खाण्याचं सोपं आहे. एक्समधे प्लास रिशेल्मला रोज सकाळी भाजी-फळांचा बाजार भरतो, तिथून सफरचंदं, चीज, ऑलिव्ह घ्या आणि कुठल्याही बेकरीतून फुगास, म्हणजे ऑलिव्ह वगैरे घातलेला चपटा पाव. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, फुगासमधे कधीकधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि पाँ बान्या नावाचं सँडविच दिसायला भाज्यांचं असलं तरी त्यात ट्यूना मासा असतो. घरून निघत असाल तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिक्की, खजूर यांच्याइतकं डोंगरावर टिकणारं आणि पोटाला आधार देणारं काही नाही.

पायथ्याला पोचणं

एक्सहून वोव्हनार्गला डी१० रस्ता जातो, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. कबासोलला रस्त्याच्या कडेला पार्किंग आहे, वीकेंडला साडेनऊ-दहापर्यंत भरतं, आणि मग लोक रस्त्याच्या कडेला वाट्टेल तशा गाड्या लावतात आणि दंड भरतात, तेव्हा साडेआठपर्यंत पोचा. गाडीत बाहेरून दिसेल असं काहीही ठेवू नका, डोंगराखालच्या पार्किंगमधे काचा फोडून बॅगा नेण्याचे प्रकार होतात, पासपोर्ट तर अंगावरच ठेवा. गाडी नसेल तर एक्सच्या बस स्टँडवरून वोव्हनार्गला बस जाते, फेऱ्या मोजक्या असतात आणि रविवारी अजून कमी, म्हणून जाण्याच्या आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघा, तिचा फोटो काढून ठेवा आणि सगळा दिवस त्या वेळेपासून उलटा मोजा. ड्रायव्हरला आधीच ‘कबासोल’ सांगून ठेवलं की बरं पडतं.

आता चढाई

पार्किंगपासून वाट आधी चक्क खाली उतरते, तळाशी छोटा ओढा आहे तो ओलांडायचा आणि समोरच्या गाडीरस्त्याला लागायचं. लाल-पांढरे पट्टे ही जीआरची खूण, पांढरा वर लाल खाली, झाडांवर आणि दगडांवर रंगवलेले असतात. त्याच दोन रंगांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही, मागे फिरा. बाजूला खासगी जमिनी आहेत, कुंपणाच्या आत शॉर्टकट शोधू नका.

पहिला अर्धा-पाऊण तास हा रुंद रस्ता आहे, काही ठिकाणी सिमेंट केलेला, ओक आणि पाइनच्या झाडीतून. दिसायला सोपा पण चढ सतत आहे, आणि सगळे जण नेमके इथेच जोरात जातात कारण पाय ताजे असतात. मुद्दाम हळू चाला, बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. या टप्प्याला दम लागला तर वरच्या टप्प्याला पोटऱ्या भरणार. फेब्रुवारी ते एप्रिलमधे जात असाल तर पाइनच्या झाडांखाली एकामागे एक रांगेत चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसतील, मुलांना त्या बघायला फार आवडतात पण हात लावू देऊ नका, त्यांच्या केसांनी अंगावर जबरदस्त खाज आणि सूज येते, कुत्र्यांना तर ते फार धोक्याचं. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, या झाडीत रानडुकरांची शिकार चालते, भडक रंगाचा शर्ट घाला आणि वाट सोडू नका.

पुढे रस्ता संपून पायवाट होते आणि डोंगर खरा सुरू होतो. झाडं हळूहळू बुटकी होतात, मग नुसती झुडपं, वाट वळणं घेत उभी चढत जाते आणि पायाखाली सुटे दगड, घसारा आणि मधे मधे ते गुळगुळीत कातळ. प्रत्येक वळणावर सरळ वर जाणाऱ्या चोरवाटा दिसतील, घेऊ नका, एक तर त्या जास्त दमवतात आणि दुसरं म्हणजे पाऊस आला की माती त्याच वाटांनी वाहून जाते, २००४ पासून या डोंगराला ‘ग्राँ सीत द फ्रान्स’चा दर्जा आहे आणि वाटा टिकवण्यासाठी तिथले लोक खूप मेहनत घेतात. दर वीस मिनिटांनी थांबा, दोन घोट पाणी, मागे वळून बघा. खाली वोव्हनार्गचं खोरं उघडत जातं, आणि गावाजवळच्या टेकाडावर जो चौकोनी, बुरुजांचा वाडा दिसतो तो पिकासोने १९५८ मधे विकत घेतला होता, १९७३ मधे त्याला तिथेच पुरलं. वाडा खासगी आहे, खालून किंवा वरून बघायचा.

चॅपल शेवटपर्यंत दिसत नाही हे आधीच सांगून ठेवतो, बरोबर मुलं किंवा पहिल्यांदा येणारं कोणी असेल तर ‘अजून किती’ ला उत्तर तयार ठेवा. इमुशा वाट उजवीकडून येऊन मिळाली की समजायचं आता थोडंच राहिलं. मग एकदम दगडी भिंत, कमान, आणि तुम्ही अंगणात. पार्किंगपासून इथपर्यंत पावणेदोन ते दोन तास, मुलं असतील तर अडीच धरा.

वर

आधी जॅकेट घाला, मग फोटो. मठाच्या अंगणात भिंतींचा आडोसा आहे, मिस्त्रालच्या दिवशी डोंगरावर बसून जेवता येईल अशी जागा जवळजवळ हीच. अंगणाच्या दक्षिणेला कातळात एक खिंड आहे, तिच्यातून बघितलं की खाली एकदम दक्षिणेची दरी, मुलांचा हात धरल्याशिवाय तिथे जाऊ देऊ नका.

आज दिसणारं चॅपल आणि मठ सतराव्या शतकाच्या मध्यातले. पुढे वस्ती गेली, पडझड झाली, आणि १९५५ मधे स्थापन झालेल्या ‘सांत-व्हिक्त्वारचे मित्र’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी हे सगळं परत उभं केलं, इमुशा वाटेचं नावही त्याच कामात पुढे असलेल्या आंरी इमुशा यांच्यावरून आलंय. आपल्याकडे गडसंवर्धनाला रविवारी टिकाव-घमेलं घेऊन जाणारी पोरं ज्यांनी बघितलीत, त्यांना या दगडांकडे बघताना ती मेहनत लगेच कळेल. म्हणून हात जोडून सांगणं: भिंतीवर नावं कोरू नका, सालं आणि टिश्यू पिशवीत भरून खाली न्या, चॅपलचं दार उघडं असेल तर टोपी काढून आत जा, कोणी प्रार्थना करत असेल तर बोलू नका, कॅमेरा खाली. आत सजावट फारशी नाही, साध्या दगडाची छोटी जागा आहे, पाच मिनिटं बाकावर बसा, खालून वर येतानाचा श्वास इथे शांत होतो. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी इथे यात्रा असते, गावोगावचे लोक चढून येतात आणि वर मिसा होतो. तो दिवस साधला तर छानच, फक्त पार्किंगला अजून लवकर पोचा.

क्रॉसकडे जायला चॅपलपासून दहा-पंधरा मिनिटं, वाट कातळातून, एक-दोन ठिकाणी हात टेकावा लागतो. हा क्रॉस १८७५ मधला, खाली शहरातून काडीएवढा दिसतो आणि जवळ गेल्यावर मान मागे टाकून बघावा लागतो. उत्तरेला लुबेरोंची डोंगररांग आणि तिच्या मागे मों व्हांतू शिखर, दक्षिणेला सांत-बोमचा डोंगर, पश्चिमेला एक्स आणि बेर्रचं तळं, स्वच्छ दिवशी समुद्र आणि ईशान्येला आल्प्सची बर्फाची रेघ. पश्चिमेकडे खाली बिमोंच्या पुढे अजून एक छोटं धरण आहे ते झोला धरण, लेखक एमिल झोलाच्या वडिलांनी, इंजिनिअर फ्रांस्वा झोलांनी आखलेलं. आणि एमिलचा शाळेतला जिवलग मित्र, चित्रकार पॉल सेझान, ज्याने हा डोंगर आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला, ऐंशीच्या वर चित्रं आहेत, १९०६ च्या ऑक्टोबरमधे उघड्यावर चित्र काढताना पावसात भिजला आणि थोड्याच दिवसांत गेला. माथ्यावर उभं राहून सेझानचा डोंगर दिसत नाही हे खरं, तो बघायला एक्समधे लोव्ह टेकडीवर जायचं.

क्रॉसच्या आसपास गारागाई नावाचं खोल विवर आहे. कडेपर्यंत जाऊन वाकून बघायचा मोह होतो, दगड सुटे आहेत, लांबूनच बघा.

उतरताना

वर पाऊण-एक तास पुरे, अंग थंड पडायच्या आत निघा. घसरून पडायचे प्रकार चढताना क्वचित होतात, उतरताना जास्त, आणि तेही मधल्या गुळगुळीत दगडांच्या टप्प्यावर, जेव्हा पाय थकलेले असतात आणि डोळे देखाव्यावर. बुटाच्या लेस घट्ट बांधा म्हणजे अंगठे पुढे आपटणार नाहीत, पावलं छोटी टाका, पाय पूर्ण सपाट टेकवा, काठ्या थोड्या लांब करा. चढून येणाऱ्यांना वाट द्या आणि ‘बोंजूर’ म्हणा, फ्रेंच डोंगरांत प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो. जीआरच्या खुणा उतरतानाही बघत राहा कारण चॅपलखाली निळ्या खुणांची वाट फुटते आणि गप्पांच्या नादात तिकडे गेलात तर थेट बिमोंला, तुमच्या गाडीपासून कैक किलोमीटर लांब निघाल. खाली यायला सव्वा ते दीड तास.

कोणाला लागलं, पाय मुरगळला, तर ११२ लावा, इंग्रजीतही बोलता येतं, आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, ‘चॅपलच्या खाली कुठेतरी’ सांगण्यापेक्षा त्याने मदत लवकर पोचते. जखमी माणसाला आधी वाऱ्यापासून आडोसा आणि जॅकेट.

मुलांबद्दल विचारतात म्हणून: आठ-नऊ वर्षांची, चालायची सवय असलेली मुलं उत्तरेच्या वाटेने आरामात येतात, फक्त क्रॉसवर न्यायचं का ते वारा बघून ठरवा. लहान बाळ पाठीच्या कॅरियरमधे घेऊन चढणारे आईबाप दिसतात पण त्या गुळगुळीत दगडांवर मी तो सल्ला देणार नाही, त्यांनी बिमों धरणाच्या आसपास फिरावं, तिथून डोंगर पूर्ण दिसतो, पाण्यात उतरायला मात्र बंदी आहे. आई-बाबा भारतातून आलेत आणि गुडघे दुखतात असं असेल तर सरळ गाडीने एक्स, ल तोलोने, सांतांतोनँ, पुइलुबिए असं दक्षिणेच्या पायथ्याने फिरवून आणा, दुपारनंतर निघा कारण पांढरा कडा संध्याकाळच्या उन्हात रंग बदलतो, मग कोल दे पोर्तवरून वोव्हनार्गमार्गे परत, म्हणजे सगळ्या डोंगराला प्रदक्षिणा होते.

आणि ज्यांचे पाय एवढ्याने भागणार नाहीत त्यांच्यासाठी, क्रॉसपासून पूर्वेला धारेधारेने पिक दे मूशपर्यंत जाऊन कोल दे पोर्तला उतरता येतं, पूर्ण दिवस लागतो, सावली शून्य, पाणी माणशी तीन लिटरच्या खाली नको आणि दोन गाड्या लागतात, एक कबासोलला आणि दुसरी सकाळीच कोल दे पोर्तला नेऊन ठेवायची.